क्र. ३१ मधली पिवळट वाट

६ जानेवारी, मंगळवार

केतकी मॅडमचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या लॅबमध्ये टेस्ट ट्यूब धूत होते. त्यांच्या आर्ट गॅलरीत माझ्या चित्र क्र. ३१ समोर लोक थांबतात म्हणे. "वंदनाताई, अशीच आणखी चार द्या ना. फेब्रुवारीत तुमच्या एकटीच्या चित्रांची खोली करते." हाताला साबण, फोन खांद्यात धरलेला, आणि मी बोलून गेले, हो देते.

हो देते! वाटीभर साखर द्यायचीय का शेजारी? ३१ मी काढलंय कुठे? ते झालंय. व्हिनेगरमध्ये खिळे भिजवून केलेलं गंजाचं पाणी, फेरोसायनाइडचा फवारा आणि फासा. ट्रेमध्ये ओलं मांजरपाट, वर दोऱ्यांची सहा बाय सहा घरं. फासा दोनदा टाकला की घर कळतं, तिसऱ्यांदा टाकला की थेंब किती ते. दोन्ही भेटले की निळा होतो आणि त्याचा तो पसरतो. गॅलरीच्या फॉर्मवर मीच झोकात लिहून दिलंय, "चित्राला माणसाचा हात लागत नाही." आता बस बोंबलत.

८ जाने., गुरुवार

क्र. ३८. निळं, निळं आणि निळं. काही घडलंच नाही त्यात.

ट्रे हॉलच्या मधोमध, तीन दिवस हलवायचा नाही, पंखा लावायचा नाही. मिलिंद ऑफिसमधून आला, बूट हातात घेऊन सोफ्याच्या कडेकडेने आत गेला. "आपण मुलुंडला घर घेतलं की तुझ्या ट्रेने घेतलं?" मी म्हटलं, अजून चारच. "चार म्हणजे बारा दिवस." नवऱ्याचं गणित नको तिथे पक्कं.

आबांचं वेगळं. सासरे आहेत पण तक्रार म्हणून नाही. भिंतीला हात लावून आतल्या खोलीतून बाथरूमपर्यंत, तिथून परत. काचबिंदूने बाजूचं आणि पायाखालचं सगळं गेलंय, समोरचं तेवढं दिसतं, तेही नळीतून बघावं तसं. चौतीस वर्षं फोर्टातल्या एका ऑफिसात लिफ्टमन होते. म्हणतात, मला अरुंद जागेची सवय हाय.

१० जाने., शनिवार

३१ ची जुनी नोंद गुरुवारीच काढली होती. नोव्हेंबरमधली. प्रॅक्टिकलच्या जर्नलसारखी लिहिते मी सगळं: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण. थेंब तेवढेच घेतले, उतार तोच, मांजरपाटही त्याच ताग्यातलं. झालं क्र. ३९. ढिम्म.

३१ मध्ये जे आहे ते म्हणजे ती वाट. खालच्या कोपऱ्यातून निळ्यात शिरलेली पिवळट, मक्याच्या दाण्याच्या रंगाची. मध्यापर्यंत येते, तिथे विस्कटते, आणि पुढे चार ठिपके. लोक थांबतात ते तिच्यासमोर. मीसुद्धा त्या दिवशी कॉलेजातून आले, ती वाट पाहिली आणि चपला न काढता हॉलमध्ये नाचले होते.

निरीक्षणात एक ओळ आहे: "दोन दोरे तुटलेले. कबुतर?"

कामत सरांना फोटो दाखवला. केमिस्ट्रीचे सर, कशानेही भारावून जात नाहीत. "वंदनाताई, अल्कली पडलंय हो. प्रशियन ब्लू अल्कलीत टिकत नाही. अकरा वर्षं पोरांना बाटल्या देताय, एवढं माहीत नाही?" मग वर, "आणि पुन्हा करून दाखवता येत नसेल तर त्याला प्रयोग म्हणू नका."

एका चिंधीवर कॉस्टिकचा थेंब टाकून बघितला. बरोब्बर तोच पिवळट. पण माझ्या हॉलमध्ये अल्कली कुठून आलं? धुण्याचा सोडा बाथरूममध्ये असतो, तोही वर, डब्यात.

१३ जाने., मंगळवार

आबा संध्याकाळी तंबाखू मळत बसले होते. डबीतून चुना घेतला, अंगठ्याने तळहातावर घासला. मी पोळ्या लाटत होते, तशीच थांबले.

चुना. अल्कली!

फोनवर ३१ चा फोटो मोठा केला. चार ठिपके. मी स्वतःची बोटं त्यावर धरली. पोळी करपली.

"आबा, नोव्हेंबरात तुम्ही माझ्या ट्रेपाशी गेला होतात का हो?"

"मी? मी कशाला जाऊ तिकडं?" आणि डबी बंद करून खिशात. आबांना खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात.

१५ जाने., गुरुवार

आज सकाळी मिलिंद गेल्यावर आबांनीच हाक मारली. "बस जरा."

चहासाठी उठले होते त्या दुपारी. ट्रे दिसलाच नाही. पाय आत गेला, दोऱ्यात अडकला, गुडघ्यावर आणि एका हातावर पडले. बोटांना चुना होताच. मग ओलं फडकं आणून जमेल तेवढं पुसलं, मागे मागे सरकत. ते फडकंही साबणात भिजलेलं होतं. लेंगा स्वतः धुतला आणि आत जाऊन पडून राहिले.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू रागावशील म्हणून न्हाई. मिलिंदला कळलं तर म्हनंल, आता म्हाताऱ्याला गावाला दादाकडं ठेवा, हितं एकटा पडतोय. गावात मला कोन हाय? ओळखीचे सगळे गेले."

त्या आठवड्यात गुडघा सुजला होता त्यांचा. मीच म्हटलं थंडीने. मीच बाम चोळून दिला. मी हॉलमध्ये नाचत होते आणि हा माणूस आत भिंतीकडे तोंड करून पडला होता. लाज वाटते लिहिताना.

मि. ला सांगायचं नाही, असं वचन घेतलं त्यांनी. दिलं.

१७ जाने., शनिवार

आणि एवढं सगळं कळूनही मी काय केलं? गुरुवारीच चुना आणला, ट्रेमध्ये मांजरपाटाचे दोन तुकडे पसरले. एकावर फासा टाकून चुन्याचे थेंब टाकले. क्र. ४०. दुसऱ्यावर साबणाचं फडकं ओढून पाहिलं, क्र. ४१.

मेलेलं आहे दोन्ही. रंग तोच आला, पण बघितल्याबरोबर कळतं की कोणीतरी बसून केलंय. त्या वाटेत आबांची घाबरगुंडी आहे, ती डबीत मिळत नाही.

मि. म्हणाला, "छान आहे की. द्यायचं टेकवून, कोणाला कळतंय?" त्याला खरंच छान वाटलं असेल. मला त्याचा राग आला आणि मग रागाचाच राग आला.

१९ जाने., सोमवार

केतकी मॅडमनी छापायचा मजकूर पाठवला. पहिलीच ओळ: "माणसाच्या हाताचा स्पर्शही न झालेली चित्रं." ओके कळवा म्हणाल्या.

तीनदा टाइप केलं. "मॅडम, ३१ ला हात लागलाय." तीनदा पुसलं. सांगितलं तर खोली गेली. एकावन्नाव्या वर्षी कोणी मला खोली देतंय, ती भिंती-बिंतींसकट गेली. नाही सांगितलं तर चार चित्रं द्यायची, जी होत नाहीत. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे अडीच बाय चारचा ट्रे.

मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा त्यांना दिसतायत. शेवटी अंगठा पाठवून दिला. फक्त अंगठा.

२१ जाने., बुधवार

मि. काल सकाळी नाशिकला गेला, साइटवर, दोन दिवस.

काल मी नवीन नियम केला. ट्रे कुठे ठेवायचा तेही फाशाने ठरवायचं. कागदावर सहा जागा लिहिल्या. १ हॉल. २ खिडकीखाली. ३ स्वयंपाकघर. ४ घराची गॅलरी, कपडे वाळतात ती. ५ आमची खोली. ६ पॅसेज, आबांच्या खोलीपासून बाथरूमपर्यंतचा.

सहा लिहिताना मला माहीत होतं मी काय लिहितेय. नंतर म्हणू नये की कळलं नव्हतं.

आज सकाळी फासा टाकला. दोन आले. म्हटलं, नीट पडला नाही, फरशीच्या फटीत अडकला. परत टाकला. चार. परत. एक. परत. परत. सहाव्यांदा सहा. लगेच ट्रे उचलला, पॅसेजमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत बसला, दोरे ताणले, फवारा मारला. आबा झोपलेत असं वाटलं. त्यांना काही न सांगता साडेनऊला घराबाहेर पडले.

कॉलेजमध्ये बारावीच्या प्रॅक्टिकलची तयारी. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होते, दोन चिठ्ठ्या उलट्या लागल्या. कामत सर ओरडले. अकरा वाजले, आबा या वेळी बाथरूमला उठतात. बारा. हाडं ठिसूळ झालीत त्यांची, डॉक्टर म्हणाले होते. पडले तर? डोक्यावर पडले तर? आणि याच्या शेजारीच, अगदी त्याच क्षणी, वाट कशी उमटली असेल हा विचार. दोन्ही एकदम. मी अशी आहे हे मला माहीत नव्हतं.

हाफ डे टाकून रिक्षाने आले. तीन वाजत आले होते.

घरात शिरले ती आधी ट्रेकडे बघितलं. आबांकडे नाही. हे लिहून ठेवते.

ट्रे सपाट निळा. एकही दोरा तुटलेला नाही. आबा खाटेवर बसले होते, पाय खाली सोडून, दोन्ही हात गुडघ्यांवर. सकाळपासून तसेच. चादर ओली, लेंगा ओला. खोलीत वास.

"तुझं चित्र हाय ना तिथं," म्हणाले. "वास आला मला व्हिनेगरचा. म्हटलं, परत मोडायला नगो."

साडेनऊपासून तीनपर्यंत. बाथरूम सात पावलांवर.

"माफ कर हां, पोरी. लई धरून ठेवलं."

ते मला म्हणाले, माफ कर.

ट्रे उचलून तसाच गॅलरीत ओतला. आबांना आंघोळ घातली, त्यांनी तोंड फिरवून घेतलं होतं. मी रडले, नळ मोठा सोडून. क्र. ४२. निरीक्षण: बदल नाही.

२२ जाने., गुरुवार

मि. आला. चादर वाळत घातलेली बघून म्हणाला, "हे काय, आज मधेच?" मी तोंड उघडणार तेवढ्यात आतून आबा, "माझ्या हातनं तांब्या सांडला रे."

मला वाचवलं त्यांनी. यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

२४ जाने., शनिवार

राहवलं नाही. मि. बाजारात गेला तशी आबांपाशी बसले. म्हटलं, आबा, बुधवारी ट्रे मी मुद्दाम ठेवला होता. फाशाने नाही.

"ठाव हाय की."

"कसं?"

"सहा वेळा पडला फासा. डोळं गेलंत, कान हायत. सहाव्यांदा उचलायचं थांबलीस, मंग ट्रे माझ्या दारात वाजला. म्हटलं, हिला माझंच दार पायजे होतं."

मी म्हटलं, तुम्हाला कळलं होतं तर हाक का नाही मारलीत? ट्रे उचल म्हणायचं होतं.

"तुला पायजे म्हणून ठेवलंस. आन् मला पडायची भ्या वाटली. दोन्ही खरं हाय. मंग बसून ऱ्हायलो."

त्यांनी चुन्याची डबी काढली, चाचपली, परत ठेवली. मग हळूच, "मी चालतो की त्याच्यावरनं. धरून चालीव. तुझं काम होतंय ना?"

"नाही आबा. अजिबात नाही."

नाही म्हटलं. मनापासून म्हटलं. आणि पाठोपाठ डोक्यात आलं, ठरवून चाललेल्यात ती गंमत कुठून येणार. म्हणजे नकार कशासाठी होता, आबांसाठी की चित्रासाठी? शी! माझं मलाच नको झालंय.

२६ जाने., सोमवार

सुट्टी. ट्रे घासून गॅलरीत उभा करून ठेवला. हॉल मोठा वाटतोय. आबा तरी भिंतीच्या कडेनेच चालतात. म्हटलं, आबा, मधून चाला, काही नाहीये तिथे. म्हणाले, असू दे.

मि. खूश. पंखा लावला, मुद्दाम. मी म्हटलं थंडी आहे. "असू दे, हक्काचा पंखा आहे."

मॅडमचे तीन मिस्ड कॉल. एकही नवं चित्र नाही. पाच निळे चौकोन कपाटामागे.

२९ जाने., गुरुवार

आज पाठवलाच मेसेज. स्टाफरूममध्ये बसून, एका दमात. "मॅडम, ३१ मधली वाट आपोआप झालेली नाही. माझे सासरे त्यात पडले. त्यांना कमी दिसतं. त्यांचा पाय, हाताचा चुना आणि साबणाचं फडकं आहे ते. मी फॉर्मवर लिहिलं ते चुकीचं ठरतं. आणखी चार होणार नाहीत. खोली दुसऱ्या कोणाला द्या. सॉरी." पाठवलं आणि फोन पालथा ठेवला. सुटले, म्हटलं. वाट लागली तर लागली, पण सुटले. भूक लागली, महिन्यात पहिल्यांदा. कँटीनमधून दोन वडे खाल्ले.

घरी आल्यावर उत्तर आलं, बोलून पाठवलेलं. स्वयंपाकघरात स्पीकरवर ऐकलं, मूर्खासारखं.

"वंदनाताई! अहो हे तर भन्नाट आहे! आधी का नाही सांगितलंत? माझ्या अंगावर काटा आला. मजकूर बदलतेय मी. आणि ऐका, सासऱ्यांना उद्घाटनाला आणाच. ट्रे मधे ठेवू, ते चालतील, लोक भोवती उभे राहतील, पुढचं चित्र सगळ्यांसमोर होईल. चार नको, एकच, पण लाइव्ह. रविवारी सहापर्यंत सांगा, छापायला जातंय."

हात दाखवून अवलक्षण ते हेच. खरं बोलले, आणि त्यात आबाच अडकले.

मागे वळले तर आबा दारात. कान आहेत ना त्यांना.

"मला बोलावलंय व्हय?"

३० जाने., शुक्रवार

आबांनी मि. ला सांगून टाकलं. पडल्याचंही. ज्या भीतीने दोन महिने गप्प होते तेच, स्वतःहून, चहा पिता पिता. "मी पडलो त्याचं चित्र झालंय. लोक बघायला येतात."

मला वाटलं मि. भडकणार, गावाचं काढणार. त्याने फोटो मागितला, बोटांनी मोठा करून बघितला. "हा आबांचा हात?" म्हणाला. मग चार ठिपक्यांवर एकेक करून बोट ठेवलं. शेवटी म्हणाला, "ने त्यांना. दोघं दोन बाजूंनी धरू. कधी नव्हे ते घराबाहेर पडतील."

पॅसेजचं अजूनही त्याला माहीत नाही. आबा सांगणार नाहीत, आणि माझी जीभ वळत नाही. ते सांगितल्याशिवाय "नेऊ नको" कसं पटवणार? म्हणाला, "तुझा प्रॉब्लेम काय आहे वंदू? तुझंच काम आहे ना?"

हो, माझंच काम आहे. तोच तर प्रॉब्लेम आहे.

१ फेब्रुवारी, रविवार

आबांनी सकाळी न्हाव्याला घरी बोलावून दाढी करून घेतली. उद्घाटनाला दोन आठवडे आहेत अजून. पांढरा शर्ट इस्त्रीला दिला. मग हॉलमध्ये जुनी चादर मि. कडून अंथरून घेतली आणि चालायला लागले तिच्यावर. भिंतीवरचा हात सोडून. एक पाऊल, थांबायचं, एक पाऊल.

मी म्हटलं, आबा, जायचं नाही आपण. मी नको कळवतेय.

"का गं?"

"तिथे लोक बघतील तुम्हाला."

"मंग बघू देत की. चौतीस वर्षं लिफ्टमधी लोकांच्या पाठी बघितल्या. कुनी म्होरं तोंड करून उभं ऱ्हायलं न्हाई. तुझ्यापायी न्हाई जात मी. मला जायचंय."

आता सांगा. त्यांना नेलं तर मी पॅसेजमध्ये केलं तेच, फक्त माणसांसमोर आणि टाळ्यांसकट. नाही नेलं तर त्यांना परत त्या खाटेवर बसवलं मीच. कोणाला विचारू? फासा टाकू? माझ्या फाशावर आता माझाच भरवसा नाही.

साडेपाचला चहा दिला. मि. खाली गेला होता. आबांनी कप ठेवला, मला जवळ बोलावलं, आवाज खाली आणला.

"वंदना, एक विचारू? तिथं नुसतं चालायचं, का त्या दिवसासारखं पडायचं पन?"

मी त्यांचा कप उचलला.

"पडायचं आसंल तर आधी सांग. म्हंजी हात कुठं टेकायचा ते ठरवून ठिवतो."

अजून उत्तर दिलेलं नाही, त्यांनाही नाही आणि मॅडमनाही. सहाला दहा कमी आहेत. ते चादरीवर परत चालायला लागलेत.